बाजू निवड, असं चित्रकाराला सांगू नये

व्हिएन्नामध्ये १८९५ साली ज्यू संस्कृतीचं जगातलं पहिलं संग्रहालय स्थापन झालं. चार वर्षांनी, १८९९ मध्ये, त्यात एक अख्खी खोली मांडली गेली. शुक्रवारी दिवेलागणीला, शब्बाथ म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा पवित्र दिवस सुरू होताना, जुन्या वळणाच्या ज्यू घरातली बैठकीची खोली जशी दिसे तशी. ती मांडली चित्रकार इझिडोर काउफमान याने. गॅलिशिया, मोराव्हिया, हंगेरीतल्या लहान लहान गावांत फिरून तो दाढीवाले रब्बी म्हणजे धर्मगुरू, तोरा हा धर्मग्रंथ शिकणारी मुलं, सणाच्या पोशाखातल्या बायका रंगवत असे. ती चित्रं शहरातल्या सुस्थित घरांच्या भिंतींवर जात. त्यातल्या कितीतरी घरांत शब्बाथ पाळणं सुटलेलं होतं. शनिवारी कामधंदा चालू, मुलं जर्मन शाळेत, आणि आजोबांच्या घरचा शब्बाथ बघायचा तर संग्रहालयात जाऊन.

या खोलीकडे दोन तऱ्हांनी पाहता येतं. एक म्हणजे ही कृतज्ञता आहे: जे सुटलं त्याची आठवण जपलेली. दुसरं म्हणजे हा हार घातलेला फोटो आहे: माणूस गेल्यावरच भिंतीवर चढणारा. धर्म पाळणारा ज्यू दुसऱ्या बाजूने बोलेल, आणि त्याचं म्हणणं मला हलकं वाटत नाही. तो म्हणेल, शब्बाथ हा चित्राचा विषय नाही, तो नियम आहे. त्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही, प्रवास करायचा नाही, पैशाला हात लावायचा नाही. हे ओझं न उचलता मेणबत्तीचा उजेड तेवढा रंगवणं म्हणजे दुसऱ्याच्या उपासाचं पुण्य आपल्या नावावर मांडणं.

आक्षेप खरा आहे, पण तो सगळ्या चित्रांना लागू होत नाही. धर्म आणि आधुनिक जगणं यांच्या ओढाताणीतून निघालेली ज्यू चित्रकला गेली दोनशे वर्षं एकाच प्रश्नाने छळली गेली: तू नक्की कोणाचा? धर्माच्या राखणदारांनी विचारलं, परक्या समाजाने विचारलं, आणि पुढे आधुनिक कलेच्या पुढाऱ्यांनीही विचारलं. तिघांनाही उत्तर एका शब्दात हवं होतं. माझं म्हणणं असं की प्रश्नच चुकीचा होता. ज्या चित्रांनी उत्तर द्यायचं नाकारलं तीच आज श्रद्धेबद्दल काही खरं सांगतात, आणि ज्यांनी दडपणाखाली उत्तर दिलं त्या चित्रांवर जखमेचा व्रण राहिला आहे.

आधी एक गैरसमज. ज्यूंना चित्रकला निषिद्धच होती, ती त्यांनी युरोपच्या नादाने उचलली, असं सर्रास म्हटलं जातं. दहा आज्ञांमधली दुसरी आज्ञा मूर्ती करू नको असं सांगते, हे खरं. पण ज्या 'निर्गम' ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात ती आहे, त्याच ग्रंथाच्या एकतिसाव्या अध्यायात देव बसलेल नावाच्या कारागिराला स्वतःच्या आत्म्याने भरतो. कशासाठी, तर सोनं, रुपं, लाकूड आणि रत्नं यांची कलाकुसर करण्यासाठी. मनाई आणि वरदान यांत अकरा अध्यायांचंच अंतर आहे. सिरियात दुरा-युरोपोस इथे तिसऱ्या शतकातलं सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनागृह, सापडलं, तेव्हा त्याच्या भिंती मोशे, एस्तेर, यहेज्केल अशा माणसांच्या चित्रांनी भरलेल्या निघाल्या. शत्रूच्या वेढ्यात तटबंदी भक्कम करायला लोकांनी त्या भिंतींवर माती लोटली, म्हणून ती चित्रं १९३२ मध्ये सापडेपर्यंत टिकली. दुसरीकडे, जर्मनीत १३०० च्या सुमारास तयार झालेल्या एका हग्गादात, म्हणजे वल्हांडणाच्या, मिसरमधल्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या रात्री वाचायच्या पोथीत, चित्रकाराने ज्यू माणसांना पक्ष्यांची डोकी दिली. अंग माणसाचं, चेहरा चोचीचा. मनाई पाळायची आणि चित्रही काढायचं, यासाठी शोधलेली ती वाट असावी. म्हणजे ही ओढाताण आधुनिक युगाने आणलेली नाही. आधुनिक युगाने तिला नवीन धार दिली, एवढंच.

ती धार प्रथम स्पष्ट दिसते जर्मन ज्यू चित्रकार मोरिट्झ डॅनिएल ओपनहाइमच्या १८३३-३४ मधल्या चित्रात. चित्राचं नाव लांबलचक आहे: स्वातंत्र्ययुद्धातून परतलेला स्वयंसैनिक, जुन्या रीतीने राहणाऱ्या आपल्या कुटुंबाकडे. नेपोलियनविरुद्ध जर्मनीच्या बाजूने लढून एक ज्यू तरुण घरी आला आहे. अंगावर सैनिकी गणवेश. घरचे भोवती जमलेत, धाकटा भाऊ त्याच्या शस्त्रांकडे डोळे लावून आहे. टेबलावर शब्बाथचा पाव आणि पेला. म्हणजे दिवस शब्बाथचा, आणि मुलगा प्रवास करून आलाय. नियम मोडूनच तो उंबऱ्याच्या आत आला. त्याच्या छातीवर शौर्याचं पदक आहे, आणि ते क्रुसाच्या आकाराचं आहे. बाप त्या पदकाकडे बघतोय.

मी या चित्राकडे परत परत येतो ते त्या बापासाठी. त्याच्या नजरेत अभिमान आहे की दुखावलेपण, हे ठरवता येत नाही. ज्या देशासाठी मुलगा लढला त्या देशाने युद्ध संपल्यावर ज्यूंचे मिळालेले हक्क कितीतरी ठिकाणी काढून घेतले होते. हे चित्र पुढे बाडेन या जर्मन राज्यातल्या ज्यूंनी गाब्रिएल रीसर या वकिलाला भेट दिलं, त्याने समान हक्कांसाठी लढा दिला होता म्हणून. तेव्हा या चित्राचं राजकारण उघड आहे: बघा, आम्ही तुमच्यासाठी रक्त सांडलं. पण ओपनहाइमने ते राजकारण स्वस्तात केलं नाही. त्या मागणीची घरात काय किंमत मोजावी लागली तेही त्याने त्याच टेबलाशी मांडलं.

तोच ओपनहाइम १८६६ पासून जुन्या ज्यू कौटुंबिक जीवनाची चित्रमालिका छापू लागला. ती अफाट खपली. तिच्यात शब्बाथ आहे, सण आहेत, लग्न आहे, सगळे प्रसन्न आहेत आणि कुणाच्याही छातीवर क्रूस नाही. वर मांडलेला आक्षेप या मालिकेला लागू पडतो, हे मान्य करायला हवं. ओढाताण पुसली की आठवण गोड होते आणि गोड आठवणीने कुणाचं काही बिघडत नाही. म्हणून ती दिवाणखान्यात लावता येते.

आता म्युनिक, १८७९. बर्लिनच्या सधन ज्यू घरातला, बत्तीस वर्षांच्या आसपासचा चित्रकार माक्स लिबरमन तिथल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात एक चित्र ठेवतो: बारा वर्षांचा येशू मंदिरात विद्वानांशी बोलतोय. प्रसंग लूकच्या शुभवर्तमानातला, ख्रिस्ती चित्रकारांनी कित्येकदा रंगवलेला. लिबरमनने तो खरा वाटेल असा रंगवला. जागा सिनेगॉगसारखी, अ‍ॅमस्टरडॅम आणि व्हेनिसच्या सिनेगॉगांवरून घेतलेली. भोवती तल्लीथ, म्हणजे प्रार्थनेची शाल, पांघरलेले म्हातारे ज्यू. मधे एक काळ्या विस्कटलेल्या केसांचा, अनवाणी मुलगा हातवारे करत मुद्दा पटवून देतोय. हुशार, थोडा आगाऊ, गल्लीत भेटेल असा ज्यू मुलगा.

गदारोळ झाला. एका प्रसिद्ध समीक्षकाने लिहिलं की कल्पना करता येईल तितका कुरूप आणि आगाऊ ज्यू पोरगा यात रंगवलाय. बव्हेरियाच्या विधिमंडळात या चित्रावर चर्चा झाली. ज्यू माणसाने या विषयाला हात लावलाच कसा, हा सूर होता. मी इथे थांबून एवढंच म्हणेन: येशू ज्यू होता हे त्या विधिमंडळातल्या प्रत्येकाला माहीत होतं. शुभवर्तमानात ते लिहिलेलं आहे. त्यांना खटकलं ते डोळ्यांनी दिसलं म्हणून. धर्मभावना दुखावल्याची तक्रार जिथे जिथे होते, तिथे ही तपासणी करावी. खोटं दाखवलं म्हणून राग आहे, की माहीत असलेलं खरं समोर मांडलं म्हणून?

लिबरमनने मुलगा पुन्हा रंगवला. आज हॅम्बुर्गच्या कुन्स्टहाले या कलासंग्रहालयात जे चित्र आहे त्यात मुलाचे केस फिके आणि नीट आहेत, झगा लांब आणि स्वच्छ आहे, पायांत वहाणा आहेत. मान सौम्य झुकलेली. भोवतालचे म्हातारे मात्र तसेच राहिले, आणि त्यामुळे चित्र मधोमध दुभंगलंय. जुना मुलगा कसा होता ते एका रेखाटनावरून कळतं. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली की पोटात तुटतं. एका मुलाला वाद घालताना गप्प केलंय आणि आंघोळ घालून उभं केलंय.

लिबरमन पुढे जर्मन चित्रकलेतला सर्वांत मानाचा माणूस झाला. १९२० पासून बारा वर्षं तो प्रशियन कला अकादमीचा अध्यक्ष होता. १९३३ मध्ये, नाझी सत्तेवर आल्यावर, अकादमी सोडावी लागली. त्या वर्षी त्याने एका पत्रात लिहिलं की आपण जर्मन समाजाशी एकरूप होण्याचं जे स्वप्न आयुष्यभर पाहिलं त्यातून आता जागे झालो आहोत. तो १९३५ मध्ये वारला. १९४३ मध्ये त्याच्या पंचाऐंशी वर्षांच्या बायकोला छळछावणीत नेण्याचा हुकूम आला, तेव्हा तिने विष घेतलं. मुलाचे केस फिके केले म्हणून कोणी वाचलं नाही.

म्युनिकच्या त्या गदारोळाच्याच सुमारास, पोलंडच्या बाजूला, मौरित्सी गॉटलिब नावाचा एक मुलगा रंगवत होता. मुलगाच म्हणायचं, कारण तो तेवीस वर्षांचा असताना गेला. जन्म १८५६ चा, द्रोहोबिचचा. क्राकुव्हमध्ये चित्रकार यान मातेयकोकडे शिकला, पोलिश इतिहासाच्या प्रेमात पडला, आणि ज्यू म्हणून टोमणे खाल्ले. आपण पोलिशही आहोत आणि ज्यूही, आणि दोघांसाठी काम करायचंय, असं त्याने लिहून ठेवलंय. या वाक्यात मला कुठेही तडजोड दिसत नाही. दोन आया असणाऱ्या मुलाचं ते बोलणं आहे.

१८७८ मध्ये त्याने योम किप्पूरच्या दिवशी सिनेगॉगमध्ये प्रार्थना करणारे ज्यू रंगवले. योम किप्पूर म्हणजे प्रायश्चित्ताचा, कडक उपासाचा दिवस. कोकणातले बेने इस्राएल, मराठी बोलणारे आपले ज्यू, त्याला 'दारफाळणीचा सण' म्हणत: दारं लावून घ्यायची, बाहेरच्यांशी बोलायचं नाही, आत फक्त देव आणि आपण. गॉटलिबच्या चित्रातही बाहेरचं जग नाही. खाली पुरुष, वर सज्ज्यात बायका. मधोमध एक तरुण हातावर डोकं टेकून उभा आहे, प्रार्थनेत आहे आणि नाहीही. तो गॉटलिब आहे. शेजारचा किशोरही तोच, आणि खाली उभा असलेला लहानगाही तोच. वर बायकांमध्ये लॉरा रोझेनफेल्ड आहे, जिच्याशी ठरलेलं त्याचं लग्न मोडलं. आणि त्याच्यापुढे बसलेल्या वृद्धाच्या हातात तोराची गुंडाळी आहे, तिच्या आवरणावर हिब्रूत भरतकाम केलेला मजकूर आहे: दिवंगत गॉटलिब याच्या आत्म्यासाठी अर्पण.

पुढच्या वर्षी तो खरोखरच गेला, म्हणून या मजकुराकडे भविष्यवाणी म्हणून पाहायचा मोह सगळ्यांना होतो. मला त्यात वेगळं दिसतं. सिनेगॉगला तोराचं आवरण देतात ते मेलेल्याचं नाव समाजात बोललं जावं म्हणून. गॉटलिब त्या दिवशी तिथे पूर्ण श्रद्धेने उभा राहू शकत नव्हता. जिवंतपणी जमत नाही, तर मेल्यावर तरी माझं नाव या घरात असू द्या, अशी ती विनंती आहे. श्रद्धा डळमळलेल्या माणसाने केलेली इतकी नम्र प्रार्थना मी दुसऱ्या कुठल्या चित्रात पाहिलेली नाही. धर्म पाळणाऱ्याच्या आक्षेपाला हे माझं उत्तर. ओझं न उचलता उजेड घेणारे चित्रकार असतील, पण गॉटलिबने ओझं उचललंय आणि त्याला उजेड मिळालेला नाही.

येशूचं म्हणाल, तर गॉटलिबही त्याच सुमारास त्याला रंगवत होता: कफर्णहूमच्या सिनेगॉगमध्ये, तल्लीथ घेतलेला. ते चित्र अपुरं राहिलं. साठ वर्षांनी, १९३८ मध्ये, रशियातून आलेला ज्यू चित्रकार मार्क शागाल याने क्रुसावरच्या येशूच्या कमरेला तल्लीथ गुंडाळलं आणि भोवती जळणारं सिनेगॉग, पळणारी माणसं, पेटलेली तोरा रंगवली. शिकागोत असलेलं हे चित्र ख्रिस्ती जगाला विचारतं: तुम्ही ज्याची पूजा करता तोही आमच्यातलाच, मग हे काय चाललंय? ज्या म्युनिकमध्ये एका मुलाचं ज्यूपण सोसवलं नव्हतं, त्याच शहरात १९३७ मध्ये नाझींनी 'विकृत कला' म्हणून भरवलेल्या प्रदर्शनात शागालची चित्रं टांगली होती. त्यात तपकीर ओढणारा एक रब्बीही होता.

पण शागालला बाजू निवडायला लावणारे फक्त नाझी नव्हते. रशियन क्रांतीनंतर त्याने आपल्या वितेब्स्क गावात कलाशाळा काढली. तिथे अमूर्त चित्रं काढणारा मालेविच शिकवायला आला, आणि बघता बघता विद्यार्थी त्याच्या चौकोन-वर्तुळांकडे वळले. गावातली छपरं, गाई, हवेत तरंगणारे म्हातारे ज्यू हे नव्या युगाला मागासलेलं वाटलं. १९२० मध्ये शागालने गाव सोडलं. आधुनिकतेचाही एक धर्म होतो आणि त्यातही बहिष्कार असतो, हे आपण पुरेसं बोलत नाही. तत्त्वज्ञ स्पिनोझाला अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने १६५६ मध्ये बहिष्कृत केलं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्यावर सामुएल हिर्शेनबेर्गने १९०७ मध्ये चित्रही काढलं: पुस्तक वाचत चाललेला स्पिनोझा, आणि त्याच्यापासून अंग चोरणारी माणसं. पण आजोबांना रंगवतो म्हणून चित्रकाराला जुनाट ठरवणाऱ्यांचं चित्र कुणी काढल्याचं मला माहीत नाही.

शागालच्या प्रार्थना करणाऱ्या ज्यूची हकिगत इथे सांगायला हवी. पॅरिसहून तो वितेब्स्कला आला, आणि ज्या रीतीभातींत आपण वाढलो त्या विरत चालल्यात हे त्याला जाणवलं. त्याने एका भिकाऱ्याला पैसे देऊन बोलावलं, वडिलांचे प्रार्थनेचे कपडे त्याच्या अंगावर चढवले, आणि रंगवलं, जवळजवळ फक्त काळ्या-पांढऱ्यात. मूळ चित्र १९१४ चं. पुढे त्याने त्याच्या आणखी आवृत्त्याही केल्या. वडिलांचं तल्लीथ, भिकाऱ्याचा चेहरा, आणि स्वतः प्रार्थना न करणारा मुलगा समोर ब्रश घेऊन उभा. काउफमानच्या खोलीतलं सामान आणि हे सामान एकच आहे. फरक एवढाच की इथे त्या कपड्यांत आता कोणी नाही हे चित्रकाराने लपवलेलं नाही.

चैम सूटिन या ज्यू चित्रकाराबद्दल एक गोष्ट नेहमी सांगतात: मिन्स्कजवळच्या गावात त्याने एका धार्मिक माणसाचं चित्र काढलं म्हणून त्याला बेदम मारलं, आणि भरपाई म्हणून मिळालेल्या पंचवीस रूबलांवर तो कलाशाळेत गेला. ही गोष्ट सांगणाऱ्यांना ती धर्म विरुद्ध कला म्हणून आवडते. मी ती ऐकतो तेव्हा माझं लक्ष त्या पंचवीस रूबलांकडे जातं. मारलं त्या गावाने, आणि शिकायचे पैसेही त्याच गावातून आले. असलं नातं कोणत्याही एका बाजूच्या खात्यात बसत नाही. असंच दुसरं सोपं वाक्य रोथको आणि बार्नेट न्यूमन या अमूर्त चित्रं काढणाऱ्या अमेरिकी ज्यू चित्रकारांबद्दल ऐकू येतं: त्यांनी आकृती टाकली, म्हणजे दुसरी आज्ञाच पाळली. मला हे फार सोयीचं वाटतं. आकृती टाकणारे अनेक चित्रकार ज्यू नव्हते, आणि आकृतीला घट्ट धरून ठेवणारे अनेक ज्यू होते.

आपल्या अंगणातली एक वस्तू या सगळ्यात मला फार मोलाची वाटते. १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठीत एक सचित्र हग्गादा छापला गेला. लिबरमनच्या गदारोळाच्या पाच वर्षं आधी, गॉटलिबच्या योम किप्पूरच्या चार वर्षं आधी. त्यात वल्हांडणाची बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका दाखवल्यात. त्या लुगड्यात आहेत, जमिनीवर बसून काम करताहेत. मिसरमधून सुटकेची कथा, आणि ती रंगवताना घर आपलं. त्यांना कुणी विचारलं नाही, तुम्ही मोशेच्या की पुण्याच्या? बेने इस्राएलांनाही युरोपातल्या आणि बगदादच्या ज्यूंकडून आपल्या ज्यूपणाचे दाखले मागितले गेले, अगदी इस्राएलमध्ये गेल्यावरही. पण मराठी शेजाऱ्यांनी त्यांना शनवार तेली म्हटलं, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे, आणि ते तसेच राहिले. त्यामुळेच असेल, त्या चित्रात संकोच नाही. आजच्या चित्रकार सिओना बेंजामिन मुंबईच्या बेने इस्राएल घरात वाढल्या, जे. जे. मध्ये शिकल्या, आता अमेरिकेत असतात. त्यांच्या बायबलमधल्या बायका निळ्या अंगाच्या असतात. लघुचित्रांतलं निळं, आकाशाचं निळं, कुठल्याच एका देशाचं नसलेलं. त्यांच्या चित्रांवर 'हे ज्यू की हिंदू' असा प्रश्न येतो, तेव्हा मला तो पुन्हा म्युनिकचाच प्रश्न वाटतो, आवाज फक्त सौम्य झालेला.

म्हणून संग्रहालयांनी आणि आपण, पाहणाऱ्यांनी, एक सवय मोडायला हवी. चित्राखालच्या पाटीवर 'परंपरेविरुद्ध बंड' किंवा 'हरवलेल्या जगाची आठवण' असं लिहून मोकळं व्हायचं नाही. बंड म्हटलं की गॉटलिबचं तोराचं आवरण दिसेनासं होतं. आठवण म्हटलं की ओपनहाइमच्या बापाच्या नजरेतला क्रूस दिसेनासा होतो. आणि जिथे दडपणाने चित्र बदललं गेलं, तिथे आधीचं रूपही बदललेल्या चित्राशेजारी, तेवढ्याच मानाने लावायला हवं. हॅम्बुर्गच्या त्या वहाणा घातलेल्या मुलाशेजारी तो अनवाणी, काळ्या केसांचा मुलगा उभा राहू दे. दोघांनाही बोलू दे.